विदाउट नोट्स टॉपर : सुलतान खान

कुठल्याही होस्टेलच्या कॉमन रूममध्ये जा, बुद्धिबळाचा एक पट हमखास सापडतो. त्यातलं एक प्यादं हरवलेलं असतं आणि त्याच्या जागी कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण उभं असतं. पटाभोवती दोन जातीचे खेळाडू दिसतात. पहिली जात पुस्तकवाल्यांची. ते दुसऱ्या चालीलाच ही अमुक डिफेन्स, ती तमुक गँबिट म्हणून समोरच्याला घाबरवतात. दुसरी जात गावाकडून आलेल्या, गप्प बसणाऱ्या पोरांची. आजोबांकडून किंवा देवळाच्या ओट्यावर बसून शिकलेला असा एखादा पोरगा सुरुवातीला मार खातो, पुस्तकवाला सगळ्यांकडे बघून हसू लागतो, आणि तासाभराने पुस्तकवाल्याचाच राजा कोपऱ्यात घाम गाळत असतो!

आजची गोष्ट या दुसऱ्या जातीच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूची आहे. त्याचं नाव मीर सुलतान खान. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? हात वर करा म्हटलं तर फार हात वर होणार नाहीत. विश्वनाथन आनंद सगळ्यांना माहीत आहे. तो 1987 साली फिलिपाईन्समधल्या बागिओ शहरात ज्युनिअर जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी भारताचा पहिला ग्रँडमास्टर. त्याच फिलिपाईन्सचा युजेनिओ टोरे 1974 साली ग्रँडमास्टर झाला आणि आशियाचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून त्याची नोंद झाली. पण टोरेच्याही चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी आशियाच्या एका माणसाने युरोपात जाऊन तिथल्या दादा लोकांना पाणी पाजलं होतं. नंतर तो असा गायब झाला, की जगाने त्याला जवळजवळ विसरूनच टाकलं.

सुलतान खानचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. कुणी 1903 म्हणतात, कुणी 1905. गाव मिठा टिवाणा, तेव्हाच्या अखंड पंजाबातलं, आज पाकिस्तानात. वडिलांनी त्याला नऊ वर्षांचा असताना बुद्धिबळ शिकवलं. पण हे बुद्धिबळ म्हणजे आज आपण खेळतो ते नव्हे, आपलं जुनं देशी बुद्धिबळ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली माणसं खेळायची तसलंच.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आंतरराष्ट्रीय नियमात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडी मारू शकतं. देशी खेळात ते एकेक घरच सरकायचं. आंतरराष्ट्रीय नियमात किल्लेकोट आहे, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलतात. देशी खेळात त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची. आपल्याकडे आता शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा बिनदिक्कत वजीर होतो. देशी खेळात ते ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीच्या मोहऱ्याचं रूप घ्यायचं, म्हणजे हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा.

त्यामुळे देशी खेळ सुरुवातीला संथ. पहिल्या दहा-पंधरा चालीत मारामारीच नाही. दोन्ही बाजू आपापलं सैन्य निवांत मांडतात आणि खरी लढाई मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात पेटते. युरोपातल्या खेळात मात्र पहिल्या दहा चालीतच डाव फसू शकतो. म्हणून तिथल्या लोकांनी सुरुवातीच्या चालींवर जाडजूड ग्रंथ लिहून ठेवले होते. आता विचार करा, एखाद्याने आयुष्यभर पास्कलमध्ये प्रोग्रॅम लिहिले आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला सांगितलं की बाबा रे, पेपर सी++ चा आहे. सुलतान खानचं तसंच झालं.

विशी ओलांडेपर्यंत तो पंजाबातला सर्वात बलाढ्य खेळाडू मानला जाऊ लागला होता. त्याच्यावर नजर पडली सर उमर हयात खान टिवाणा यांची. हे शाहपूर जिल्ह्यातले बडे जमीनदार, ब्रिटिश फौजेत मान मिळवलेले, सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ. त्यांना बुद्धिबळाचा शौक. त्यांनी सुलतान खानला आपल्या पदरी ठेवलं आणि त्याला विलायती नियम शिकवण्याची सोय केली. 1928 साली अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खानने नऊ डावांपैकी आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि हरला एकही नाही. नवे नियम शिकून फार दिवस झालेले नव्हते बरं का!

1929 मध्ये सर उमर लंडनला गेले. भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली होती. सोबत सुलतान खानही गेला. तिथे त्याच्या सरावासाठी मुद्दाम एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. त्यात विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे इंग्लंडचे नामवंत खेळाडू होते. निकाल काय लागला? सुलतान खान संयुक्तपणे शेवटचा! एखाद्याचं मन तिथेच मोडलं असतं. एका नव्या देशात, नव्या भाषेत, नव्या हवेत पहिल्याच परीक्षेत नापास.

पण विंटर आणि येट्स या दोघांना त्याच्या खेळात काहीतरी दिसलं. त्यांनी त्याच्याबरोबर सराव केला, सुरुवातीच्या चालींचं बाळकडू त्याला पाजलं. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट या गावी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा होती. तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातल्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला तीत भाग घेता येत असे. काही आठवड्यांपूर्वी तळाला राहिलेल्या या पंजाबी तरुणाने ती स्पर्धा जिंकली. म्हणजे युनिट टेस्टला काठावर नापास झालेला मुलगा विद्यापीठात पहिला यावा, तसलाच प्रकार. इंग्लंडात खळबळ उडाली. पण सर उमर मायदेशी निघाले आणि त्यांच्याबरोबर नवा ब्रिटिश चॅम्पियनही बोटीत बसून परत आला.

1930 च्या मे महिन्यात तो पुन्हा युरोपात पोचला. पुढची साडेतीन वर्षं ही त्याची खरी कारकीर्द. बेल्जियममधल्या लिएज इथल्या स्पर्धेत तो दुसरा आला, पहिला आला साविएली टार्टाकोव्हर. मग 1930-31 ची हेस्टिंग्ज स्पर्धा. इथे त्याच्यासमोर बसला होता क्युबाचा होसे राऊल कापाब्लांका.

कापाब्लांका म्हणजे काय चीज होती हे नव्या मुलांना सांगायला हवं. 1921 ते 1927 या काळात तो जगज्जेता होता. वर्षानुवर्षं न हरण्याबद्दल त्याची ख्याती. त्याला बुद्धिबळाचं यंत्र म्हणत. शेवटच्या टप्प्यात तर तो चुकतच नाही, अशी लोकांची खात्री होती. सुलतान खान पांढरी मोहरी घेऊन खेळला. त्याने कसलाही धमाका केला नाही. कुठे वजिराचा बळी दिला नाही, की कुठे टाळ्या घेणारी चाल केली नाही. त्याने फक्त कापाब्लांकाची जागा कमी कमी करत नेली. रात्री मेसच्या रांगेत मागून रेटा येतो आणि आपण हळूहळू भिंतीला चिकटतो ना, तसं. पासष्ट चाली झाल्या आणि कापाब्लांकाने हार मानली! ज्या पद्धतीने कापाब्लांका इतरांना हरवायचा, नेमक्या त्याच पद्धतीने त्याला हरवलं होतं. त्या स्पर्धेत मॅक्स यूव्हे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा. यूव्हे हा हॉलंडचा गणिताचा शिक्षक, पुढे 1935 मध्ये जगज्जेता झाला. प्रतिभावंत हा शब्द कापाब्लांका फार जपून वापरायचा, पण सुलतान खानसाठी त्याने तो नंतर वापरला.

1931 मध्ये टार्टाकोव्हरशी बारा डावांचा सामना झाला. चार जिंकले, तीन हरले, पाच बरोबरीत. सामना सुलतान खानचा! पुढच्या वर्षी चेकोस्लोव्हाकियाचा तरुण सालो फ्लोर याच्याशी सहा डावांचा सामना तो अगदी थोडक्यात हरला, एक जिंकून आणि दोन गमावून. 1932 मध्ये बर्नला तो चौथा आला. त्याच वर्षी लंडनच्या स्पर्धेत आयझॅक कॅशडनसह तिसऱ्या क्रमांकावर राहिला. त्याच्या पुढे होते फक्त जगज्जेता अलेक्झांडर अलेखाईन आणि फ्लोर. ब्रिटिश अजिंक्यपद त्याने 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा मिळवलं. चार वेळा भाग घेतला, तीन वेळा जिंकला.

ऑलिंपियाडमध्ये तो इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर खेळला. हॅम्बुर्ग 1930, प्राग 1931 आणि फोकस्टन 1933. पहिला पट म्हणजे प्रत्येक डावात समोर दुसऱ्या देशाचा सहसा सर्वात भारी माणूस. अशा 48 डावांत त्याने 21 जिंकले, 17 बरोबरीत सोडवले आणि 10 हरला. प्रागची कामगिरी तर बघण्यासारखी आहे : 17 डाव, 8 विजय, 7 बरोबरी, फक्त 2 पराभव. तिथे त्याने फ्लोरला हरवलं, अकिबा रुबिनस्टाईनला हरवलं आणि साक्षात अलेखाईनला बरोबरीत रोखलं.

आणि हे सगळं कसं? सुरुवातीच्या चालींची पुस्तकं न वाचता! त्याचे डाव आजही उपलब्ध आहेत. कंप्युटरवर लावून बघा. एक ठराविक नमुना दिसतो. पहिल्या बारा-पंधरा चालीत साहेब अडचणीत. समोरच्याला वाटतं, झालं, आता किती वेळ टिकतोय! मग मधल्या टप्प्यात हा नुसता चिवटपणे बसून राहतो. एकेक प्यादं सरकवतो, एकेक घोडा योग्य घरात नेऊन ठेवतो. आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे पाठांतराचा उपयोग संपतो आणि फक्त डोकं उरतं, तिथे तो डाव ओढून आणतो. देशी बुद्धिबळाने त्याला दिलेलं शिक्षण हेच होतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर फॉर्म्युला पाठ नव्हता, पण डेरिव्हेशन पहिल्यापासून करता यायचं.

तब्येतीची साथ मात्र नव्हती. त्याला मलेरियाचा त्रास होता. इंग्लंडची थंडी सोसवत नसे. सर्दी, घसा हे नेहमीचं. गळ्याला पट्टी गुंडाळून तो स्पर्धेत बसलेला असायचा. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. जिंकला तरी तोच चेहरा, हरला तरी तोच. इंग्रजी बेताचीच, त्यामुळे गप्पाटप्पा नाहीत.

आता गोष्टीतला नाजूक भाग. लंडनमध्ये त्याची नेमकी जागा काय होती? इंग्रजी लेखनात वर्षानुवर्षं एकच चित्र रंगवलं गेलं, की हा सर उमर यांचा निरक्षर नोकर. अमेरिकन खेळाडू रूबेन फाईन याने पुढे एक हकीकत लिहिली. 1933 च्या फोकस्टन ऑलिंपियाडच्या सुमारास अमेरिकेच्या संघाला सर उमर यांच्या घरी बोलावणं आलं, आणि जेवण वाढायला समोर कोण तर सुलतान खान! ज्याचा खेळ बघायला लोक गर्दी करायचे, तोच आपल्या ताटात वाढतोय हे बघून ते पाहुणे ओशाळले. ही हकीकत पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली.

त्याच्या घरच्यांना मात्र हे चित्र मान्य नाही. सुलतान खान नोकरही नव्हता आणि निरक्षरही नव्हता, घरची जमीन होती, पिरांचं घराणं होतं आणि गोऱ्यांनी आपल्या सोयीची परीकथा रचली असं त्यांचं म्हणणं. नोकराने साहेबांना हरवलं ही गोष्ट चवीने सांगायला छान वाटते, खरं आहे. पण ती सांगताना माणसाची खरी ओळख पुसली जाते, हेही खरं. आपल्याकडे पाहुण्याला स्वतःच्या हाताने वाढणं हा मान असतो, ते वेटरचं काम नसतं. एकच प्रसंग टेबलाच्या दोन बाजूंनी किती वेगळा दिसू शकतो बघा!

काहीही असो, एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी खरी ठरते. त्याने कुठे जायचं, कुठे राहायचं, कधी परतायचं हे तो स्वतः ठरवू शकत नव्हता. ते सर उमर ठरवत. काळ कोणता होता ते आठवा. 1930 ते 1932 या वर्षांत लंडनमध्येच गोलमेज परिषदा चालू होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना हजर होते, गांधीजी दुसऱ्या परिषदेला गेले होते. हिंदुस्थानच्या माणसाला स्वतःबद्दल ठरवण्याचा हक्क आहे की नाही यावर टेबलांभोवती वाद चालला होता. आणि त्याच शहरात एक हिंदुस्थानी माणूस दुसऱ्या एका टेबलावर बसून, एक शब्दही न बोलता, आपली लायकी सिद्ध करत होता.

त्याच घरातली आणखी एक व्यक्ती विसरून चालणार नाही. मिस फातिमा. सर उमर यांच्याच परिवारातली ही तरुणी 1933 साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकली. अकरा डावांत दहा विजय आणि एक बरोबरी, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुण जास्त! म्हणजे त्या वर्षी इंग्लंडचे पुरुष आणि महिला असे दोन्ही किताब एकाच घरात होते, आणि ते घर पंजाबी होतं.

1933 च्या डिसेंबरमध्ये सर उमर परत निघाले. सुलतान खानही निघाला. वय जेमतेम तिशीच्या आसपास. बुद्धिबळपटू खऱ्या अर्थाने पिकतो ते हेच वय. 1935 मध्ये त्याचा आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला. नऊ डाव सुलतान खानने जिंकले, एक बरोबरीत सुटला. खाडिलकरांनी मिळवलेल्या त्या अर्ध्या गुणाची किंमत समजून घ्यायची असेल तर वरची कापाब्लांकाची हकीकत पुन्हा वाचा. त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या जगाला सुलतान खान पुन्हा दिसला नाही.

1944 मध्ये सर उमर वारले. 1947 मध्ये फाळणी झाली, पंजाब दुभंगला, सुलतान खानचं गाव पाकिस्तानात गेलं. तो आपली शेती बघत सरगोध्याच्या बाजूला राहिला. त्याने मुलांना बुद्धिबळ शिकवलं नाही. त्यापेक्षा आयुष्यात काहीतरी उपयोगाचं करा, असा त्याचा मुलांना सल्ला होता. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. कापाब्लांकाला हरवलेल्या माणसाला आपल्याच विद्येबद्दल असं वाटावं! हा कडवटपणा होता की शहाणपण? घर चालवणारा बाप म्हणून कदाचित त्याचं बरोबरही असेल. आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी आपल्याला गाणं, चित्रकला, क्रिकेट सोडून इंजिनिअरिंगला घातलं ते आठवा, म्हणजे त्याचा सल्ला परका वाटणार नाही.

1950 साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, पहिल्यांदा अधिकृतपणे ग्रँडमास्टर किताब दिले. एकूण 27 खेळाडूंना. त्या यादीत टार्टाकोव्हर होता, फ्लोर होता, यूव्हे होता. कित्येक वर्षांपूर्वी खेळणं थांबवलेला वृद्ध रुबिनस्टाईनही होता, जुन्या कामगिरीचा मान म्हणून. म्हणजे खेळणं थांबलं हे कारण यादीतून वगळायला पुरेसं नव्हतं. सुलतान खान तेव्हा हयात होता. त्याने यातल्या टार्टाकोव्हरला सामन्यात हरवलं होतं, फ्लोर आणि रुबिनस्टाईनला ऑलिंपियाडमध्ये हरवलं होतं. पण यादीत त्याचं नाव नव्हतं. विसरले म्हणा, की आठवण करून देणारं कुणी नव्हतं म्हणा. इंग्लंडच्या लेखी तो परत गेलेला हिंदुस्थानी, आणि ज्या हिंदुस्थानातून तो गेला होता त्याचे तर आता दोन देश झाले होते.

25 एप्रिल 1966 रोजी सरगोध्यात क्षयाने त्याचं निधन झालं.

किताब आला तो 2 फेब्रुवारी 2024 रोजी. फिडेने त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर जाहीर केलं. पाकिस्तानचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून त्याची नोंद झाली. मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी. आपल्याला रिव्हॅल्युएशनचा निकाल पुढच्या परीक्षेनंतर लागला तरी आपण ऑफिसच्या खिडकीशी भांडतो. या माणसाचा निकाल लागायला दोन पिढ्या गेल्या, आणि भांडायला तो कधी गेलाच नाही.

सुलतान खानने काय केलं असतं, याचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. पण काय केलं ते बघा ना. पाच वर्षांहून कमी कारकीर्द, उसनी भाषा, उसने नियम, उसनी हवा, आजारी शरीर आणि पाठीशी एकही पुस्तक नाही. एवढ्या भांडवलावर तो जगातल्या पहिल्या दहांत बसण्याच्या तोडीचा खेळला. आपण लॅब नाही, लायब्ररीत नवीन एडिशन नाही, नेट चालत नाही म्हणून रडतो. तक्रारी खऱ्याच असतात, त्या कराव्यातही. पण तक्रार करून झाल्यावर पटावर बसावंच लागतं.

आणि हो, एक विनंती. उद्या कॉमन रूममध्ये एखादं गप्प बसणारं पोरगं पहिल्या दहा चालीत फसलेलं दिसलं, तर लगेच हसू नका. झाकणाचं प्यादं घेऊन खेळणारासुद्धा शेवटच्या घरात पोचतो. तो खेळतोय तोवर त्याचं नाव विचारून घ्या, आणि लक्षात ठेवा.